तीन तासांची नोटीस

सिबी कॅनव्हन ऑफिसात आली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. दारातच थांबून तिने ओले हात ॲप्रनला पुसले आणि मग टेबलापासून दोन पावलांवर येऊन उभी राहिली. नोटीस द्यायला आलेल्या माणसाने उभं राहायची ती जागा. तिथल्या फरशीला तेवढ्यापुरता खळगा पडला होता.

"मास्टर, मी बाहेर जातेय. नोटीस द्यायला आलेय."

बार्टली टूहीने खाटांच्या यादीतून मान वर केली नाही. "कपडे वाळत घालायला अंगणात जायचं, तर मला काय विचारतेस?"

"अंगणात नाही, गेटाबाहेर. तीन तास आधी सांगायचं असतं ना? सांगितलं. दोन वाजता गेट उघडायला सांगा आणि माझे कपडे काढून ठेवा."

खिडकीपाशी चादरींच्या थप्प्या लावत असलेली त्याची बहीण आणि इथली मेट्रन ओनोरा हसली. हसण्यासारखंच होतं ते. सिबी सहासष्ट वर्षांची. आठव्या वर्षी किलकॅश्लाच्या या वर्कहाऊसात, निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी आश्रयघरात आली, ती कुणाचं औषध आणायला किंवा निरोप पोचवायला गावात जाऊन येण्यापलीकडे कधी बाहेर राहिली नव्हती. आणि आता, वर्कहाऊसला कायमचं कुलूप लागायला दोन दिवस उरलेले असताना, बाईसाहेबांना रीतसर बाहेर पडायचं होतं!

"अगं, सोमवारी सगळेच बाहेर जाणार आहेत," ओनोरा म्हणाली. "तेवढा दम धर की."

"सोमवारी लॉरीत घालून नेणार आहेत, मेट्रन. मला चालत जायचंय."

बार्टलीने खाटांची यादी बाजूला सारली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, नोटिशींची वही पुढे ओढली आणि नाव व वेळ लिहिली. चोवीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर मग तो चपापला. पण तोवर सिबी धुलाईघराकडे परत गेलीही होती, कारण इस्त्र्या तापत होत्या.

हे वर्कहाऊस बंद होण्याचं टूहींच्या घरात कुणी धड दुःखही केलं नव्हतं आणि धड आनंदही. जुलैमध्ये इंग्रजांशी चाललेला गोळीबार थांबला आणि ऑगस्टमध्ये नव्या जिल्हा समितीने ठराव केला: इंग्रजांच्या काळातली ही वर्कहाऊसं मोडीत काढायची आणि सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच आश्रम ठेवायचा, तीस मैलांवर ड्रमरॉनला. त्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत टूहींचा धाकटा मायलसही होता. ज्या घरात जन्मला त्याच घराला त्याने टाळं लावलं, असं गावात बोलत, आणि मायलसला ते ऐकायला आवडत असे. त्यानेच थोरल्या भावाला, बार्टलीला, ड्रमरॉनच्या आश्रमाचं मास्टरपद मिळवून दिलं, हे मात्र लोक आवाज खाली आणून बोलत.

बहिणीच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. ड्रमरॉनला मेट्रनचं काम नन बघणार होत्या. ओनोराने चॅपलच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या आणि तिथे दोन खाटा टाकल्या होत्या. दुसरी खाट कुणासाठी, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, सिबीलाही नाही. उद्या रविवारी सांगणार होती. सिबीला केवढा आनंद होईल, हे ती महिनाभर मनात घोळवत होती. सिबीला आधी विचारावं, असं काही तिच्या मनात आलं नव्हतं.

मायलस बारा वाजता मोटारीने आला. मास्टरच्या राहत्या खोल्यांत शेवटचं एकत्र जेवण ठरलेलं होतं. बार्टलीच्या बायकोने, डीलियाने, डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी शिजवला होता आणि अर्धं सामान आधीच खोक्यांत भरल्यामुळे चौघांत तीनच काटे होते. मायलसने लॉरीची यादी ताटाशेजारी ठेवली.

"साठ?" तो बार्टलीचा कागद बघून म्हणाला. "माझ्याकडे एकसष्ट आहेत."

"एकीने नोटीस दिलीय."

"कुणी?"

"सिबीने."

मायलस आधी हसला. त्या दिवशी प्रत्येक जण आधी हसतच होता. मग त्याने डीलियाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. डीलियाने कोबीचा वाडगा टेबलावर जरा जोरातच टेकवला.

"ते जमायचं नाही," ती म्हणाली.

"का नाही जमायचं?" ओनोराने विचारलं.

"तुझ्या भावाला विचार."

मायलसने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "हे बघ बार्टली. तुझ्या नावाला समितीत विरोध होता. जुन्या राजवटीचा माणूस, म्हणे. शेवटी मी सांगितलं, मास्टरबरोबर धुलाई सांभाळणारी बाईही येतेय, चाळीस वर्षांचा हात आहे, ननांना बघावंसुद्धा लागणार नाही. ड्रमरॉनला दीडशे माणसं आहेत आणि धुलाईला कुणी नाही. त्यावर गाडी पुढे सरकली."

"म्हणजे मला जागा मिळाली ती सिबीच्या जिवावर."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालास? आणि हे मला कुणीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू नियमांचं पुस्तक काढून बसला असतास," डीलिया म्हणाली.

ओनोरा दोघांकडे बघत राहिली. मायलस आणि डीलिया चौदा वर्षांत एकमेकांशी सरळ बोलले नव्हते. मीठ हवं असलं तरी बार्टलीमार्फत मागत. आज दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसली होती आणि एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. काम किती आधीपासून शिजत होतं, हे कळायला तिला तेवढं पुरलं.

"आणि सिबीला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली.

"तू विचारलं होतंस?" मायलस म्हणाला. "चॅपलच्या गल्लीत दोन खाटा गेल्यात. तो सुतार खिळे माझ्याच दुकानातून नेतो."

ओनोराचे कान तापले. डीलियाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू चोरी पकडली. "अस्सं! म्हणजे आम्ही तेवढे स्वार्थी."

"मी तिला धुलाईला नेत नव्हते."

"मग काय, पूजेला बसवणार होतीस?"

बार्टलीने सिबीला बोलावणं पाठवलं. ती बाह्या दुमडलेल्या, तशीच आली. मायलसने खुर्ची पुढे केली.

"बसत नाही. इस्त्री तापलीय."

"सिबी, ऐक तर खरं." मायलसने सभेतला आवाज काढला. "इंग्रजांनी आपल्या माणसांना कोंडायला बांधलेली ही जागा आम्ही बंद करतोय. आता तू कुणाच्या दयेवर नाहीस. तू स्वतंत्र देशाची नागरिक आहेस."

"बरं."

"तर ड्रमरॉनला गेल्यावर..."

"स्वतंत्र आहे तर तुझ्या यादीत माझं नाव कशाला, मायलस?"

"यादी काय, सोयीसाठी असते."

"कुणाच्या?"

समितीत भल्याभल्यांची बोलती बंद करणारा, तीन महिने इंग्रजांच्या तुरुंगात काढून आलेला मायलस टूही ताटातल्या कोबीकडे पाहू लागला. लहानपणी याच बाईच्या बोटाला त्याने दात येताना चावून चावून घट्टा पाडला होता. समितीत असं काही आडवं येत नाही.

डीलियाने सूत्रं हातात घेतली. "पण तू जाणार कुठे, सिबी? बाहेर कोण आहे तुझं? आम्हीच ना तुझी माणसं?"

"कुठे जाणार ते सांगायचा नियम नाही. आहे का हो, मास्टर?"

"नाही," बार्टली म्हणाला. "तसा नियम नाही."

"नियमच बघायचा ना?" डीलिया नवऱ्याकडे वळली. "मग कपड्यांचाही बघ. तिच्या अंगावर टोपीपासून बुटांपर्यंत सगळं संस्थेचं आहे. ते घालून गेटाबाहेर पाऊल टाकलं की चोरी. त्या लंगड्या हॅनलनला संस्थेचे बूट घालून गेला म्हणून तू महिनाभर तुरुंगात पाठवलंस. परवानगी देणारं जुनं बोर्ड बरखास्त झालं आणि नवी समिती बसणार गुरुवारी. तोवर लॉरी जाऊन परत येईल."

बार्टलीने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. हॅनलनच्या वेळी ओनोराने रदबदली केली होती आणि बार्टली म्हणाला होता, एकाला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने अडवू? आता त्या वाक्याची सगळ्यांनाच आठवण होती.

"माझे कपडे कोठीत आहेत," सिबी म्हणाली.

"सिबी," ओनोरा हळूच म्हणाली, "तू तेव्हा आठ वर्षांची होतीस गं."

"म्हणून काय झालं? आत येताना काढून घेतले ते माझेच होते ना? आण."

ओनोरा स्वतः उठली. किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या.

कपड्यांची कोठी धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर होती. आत येणाऱ्या प्रत्येकाचे अंगावरचे कपडे उतरवून, धुऊन, गंधकाची धुरी देऊन, गाठोडं बांधून इथे ठेवायचे आणि बाहेर जाताना परत द्यायचे, ही रीत. बरेच जण बाहेर पडत ते मागच्या दाराने, शवपेटीतून; त्यांची गाठोडी तशीच राहत. दुसरा कुणी मास्टर असता तर दर पाच-दहा वर्षांनी ती जाळून टाकली असती. बार्टली जाळत नसे. मालकाने मागितलं नाही म्हणून त्याचं नाव पुसायचं, हे त्याला पटत नव्हतं. त्यामुळे मांडण्या छतापर्यंत भरल्या होत्या आणि सगळीकडे गंधकाचा जुना वास होता.

गाठोडं सापडायला वेळ लागला नाही. एक लाल फ्लॅनेलचा परकर, हातभर लांबीचा. एक चौकटीची लहान शाल. बूट नव्हते. चिठ्ठीवरची शाई तपकिरी झाली होती: कॅनव्हन, सबायना, वय ८, जानेवारी १८६३. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आईच्या गाठोड्याशेजारी'. पण शेजारी आईचं गाठोडं नव्हतं. तिथे फक्त रिकामी जागा होती, चौकोनी, आणि तीही धुळीने भरून आलेली.

ओनोराने कोठीची जुनी वही काढली. नोंद शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. या कामात टूहींचा हात कुणी धरू शकलं नसतं. तिने ती नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि मग मांडणीच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या वडिलांचं, तेव्हाच्या मास्टरचं, अक्षर तिला चांगलं ओळखीचं होतं.

खाली आली तेव्हा एक वाजत आला होता. सिबी दारालाच टेकून उभी होती. ओनोराने परकर आणि शाल टेबलावर ठेवली आणि वही बार्टलीपुढे उघडली.

"मोठ्याने वाच."

बार्टलीने चष्मा लावला. "चौदा मे, अठराशे चौसष्ट. कॅनव्हन, विनिफ्रेड. स्वतःच्या नोटिशीवर बाहेर. कपडे दिले. मुलगी सबायना मागे ठेवली, मास्टरच्या घरी कामास." तो थांबला. "असं होऊ शकत नाही."

"का होऊ शकत नाही?" मायलसने विचारलं. तो वर्कहाऊसात जन्मला होता, पण चालवायला कधी शिकला नव्हता.

"कुटुंब एकत्र आत येतं आणि एकत्रच बाहेर जातं. मुलाला मागे टाकून आईला गेटाबाहेर सोडताच येत नाही. फारच कारण असेल तर बोर्डाचा ठराव लागतो."

"ठराव नाहीये," ओनोरा म्हणाली. "मी तीही वही बघितली."

बार्टलीने तारखेवर बोट ठेवलं. त्याचा वाढदिवस तेवीस एप्रिलला असे. हिशेब टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने मनातल्या मनात केला.

"मी तीन आठवड्यांचा होतो," शेवटी तोच म्हणाला.

"किरकिरा होतास," सिबी म्हणाली. आता ती त्याला मास्टर म्हणत नव्हती. "तुझ्या आईला दूध येईना आणि रात्रभर तुला कुणी उचलून घेईना. माझ्या आईला तुझ्या बाबांनी सांगितलं, महिनाभर राहू दे पोरगी, बाळ सावरेपर्यंत. साहेब म्हणतायत म्हटल्यावर ती काय बोलणार? महिन्याने तू सावरलास. मग नवीन स्वयंपाकीण मिळेना. मग ओनोरा झाली."

"आता हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं उकरून..." डीलियाने सुरुवात केली.

"डीलिया, गप्प बस," बार्टली म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला असावा, कारण ती खरोखरच गप्प बसली.

ओनोराला मात्र वेगळंच काही आठवत होतं. काळी शाल पांघरलेली एक बाई. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची. गेटाजवळच्या थंड खोलीत बाकावर बसायची, आणि सिबी तिच्याशेजारी. दोघी काही बोलताना दिसायच्या नाहीत. बाईने सिबीचा हात मांडीवर घेतलेला असायचा. ओनोरा चार-पाच वर्षांची. तिला सिबी हवी असायची, आत्ताच्या आत्ता. ती अंगणाच्या मधोमध उभी राहून भोकाड पसरायची, "सिबी! सिबी!" आणि सिबी उठून यायची.

"ती रविवारी यायची, ती तुझी आई," ओनोरा म्हणाली.

"पहिल्या रविवारी. दोन ते चार."

"आणि मी हाका मारायचे."

"साडेतीनला," सिबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या घड्याळाची खोड सांगावी तसं तिने सांगितलं. "नेमाने. आई म्हणायची, जा बाई, तुझं बाळ बोलावतंय."

ओनोराला रडू आलं. मेट्रन झाल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती आणि आत्ताही तिला ते आवडलं नाही, पण इलाज नव्हता. "मोठी झाल्यावर का नाही गेलीस? तुला कुणी अडवू शकलं नसतं. नियम..."

"सोळाव्या वर्षी ठरवलं होतं की जायचं. त्याच आठवड्यात हा मायलस झाला आणि तुमची आई गेली. तू चार वर्षांची, बार्टली सातचा. तुम्हाला कुणाच्या भरवशावर टाकून जाणार होते? तुमच्या बाबांच्या? त्यांना तुमची नावंसुद्धा एका दमात घेता येत नव्हती." मायलस खुर्चीत हलला. "मग एक्क्याऐंशी साली माझी आईच गेली. आता कुठे जाणार आणि कुणासाठी, म्हटलं, राहू दे."

"मग आता काय झालं?"

"आता तुम्ही सगळे निघालात. म्हटलं, आता मी मोकळी. तर काय, कुणी मला यादीत घातलंय आणि कुणी मला खाट घातलीय."

"सिबी, माझ्याकडे काम नव्हतं गं तुला. नुसती सोबत..."

"सकाळी उठून चूल कोण पेटवणार होतं तिथे?"

याचा ओनोराने कधी विचार केला नव्हता, कारण विचार करायची गरजच पडली नव्हती. उत्तर तिला ठाऊक होतं. ते बोचलं आणि बोचत राहिलं.

बार्टली उठला. दीड वाजायला आला होता. "कपड्यांचं काय ते बघू," तो म्हणाला.

ओनोरा आपल्या खोलीत गेली आणि खोक्याची दोरी कापून स्वतःचा काळा लोकरी झगा, करडा कोट, मोजे आणि रविवारचे बूट काढून घेऊन आली. बार्टलीने मान हलवली.

"असे देता येणार नाहीत. कोठीत त्या माणसाच्या नावावर जमा असलेलेच कपडे द्यायचे असतात."

डीलियाचा जीव भांड्यात पडलेला सर्वांना दिसला.

"म्हणून आधी जमा कर," बार्टली पुढे म्हणाला.

चौघं धुलाईघरावरच्या कोठीत गेली. सिबी मागून आली. ओनोराने कपड्यांची घडी घातली, वर तो लाल परकर आणि लहान शाल ठेवली, आणि गाठोडं बांधलं. बार्टलीने कोरी चिठ्ठी घेऊन लिहिलं: कॅनव्हन, सबायना. स्वतःचे. कोरडी होईपर्यंत फुंकर मारली आणि गाठोड्याला टाचली. मग त्याने ते मांडणीवर, आईच्या गाठोड्याच्या त्या रिकाम्या जागी, ठेवलं. सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि लगेच उघडलं. कुणी हसलं नाही. चोवीस वर्षांत बार्टली टूहीने खोटी नोंद केली नव्हती आणि ही नोंदसुद्धा खोटी ठरू नये म्हणून तो एवढा खटाटोप करत होता.

"कॅनव्हन, सबायना?"

"हो."

"हे तुमचे कपडे. तपासून घ्या."

सिबीने खरोखरच गाठ सोडून एकेक कपडा तपासला. बूट उलटे करून तळवे पाहिले. "बरोबर आहेत," ती म्हणाली आणि सही करायच्या जागी फुली मारली. टूहींच्या तीन मुलांना तिने बोलायला, चालायला, प्रार्थना म्हणायला शिकवलं होतं. तिला सही करायला शिकवावं, असं मात्र तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती कपडे बदलायला गेली तेव्हा मायलस खाली जिन्यापाशी रेंगाळत होता. "गुरुवारी मी समितीला काय सांगू?"

"सांग, धुलाईची बाई येत नाही," बार्टली म्हणाला. "तरीही मी चालत असेन तर येतो."

"आणि नसशील तर?"

"तर मीही नोटीस देईन. कपडे माझे मात्र मापाचे आहेत."

डीलिया स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ ताटांचे आवाज येत राहिले. मायलसने यादी उघडली, पेन्सिलीने एक नाव खोडलं, आणि खालचा एकसष्टचा आकडा साठ केला. मग तो सिबीला विचारायला गेला की मोटारीने सोडू का. तिला चालतच जायचंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोनला दोन मिनिटं कमी असताना सिबी अंगणात आली. ओनोराचा कोट तिला खांद्यात ढगळ होत होता. काखेत ते लहान गाठोडं होतं. धुलाईघरातल्या बायका दाराशी जमल्या होत्या. तिने त्यांना शेवटच्या चादरी कधी पलटायच्या ते सांगितलं आणि पुढे निघाली. ओनोरा तिच्याबरोबर गेटापर्यंत गेली. गेटवाल्याने बार्टलीकडे पाहिलं, बार्टलीने खिशातल्या घड्याळाकडे. मग बार्टलीने होकारार्थी मान हलवली. मोठं दार उघडलं गेलं. एरवी एकट्यादुकट्यासाठी मोठ्या दारातली लहान दिंडीच उघडत असत.

"आता तरी सांग कुठे जातेस," ओनोरा म्हणाली. "नियम म्हणून विचारत नाही."

"पुलापाशी. आई राहायची त्या खोलीत. आता केट रोनेन राहते तिथे, एकटीच आहे, तिला सोबत हवीय. मला आतून कडी लागणारं दार हवंय." सिबीने रस्त्याकडे पाहिलं. पूल तिथून अर्ध्या मैलावर होता. वळणावरच्या झाडांमुळे दिसत नसे. "धुलाईघराच्या वरच्या खिडकीतून तिथला धूर दिसायचा. तुला कधी दाखवला नाही."

ओनोराला पुष्कळ बोलायचं होतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं स्वतःविषयीच होतं. तिने ते गिळलं. तिला एवढंच विचारता आलं, "मी येऊ का भेटायला?"

सिबीने यावर विचार केला. घाई न करता केला. मग तिने ओनोराच्या गालावरचा केस कानामागे सारला, चार वर्षांच्या पोरीचा सारावा तसा.

"पहिल्या रविवारी ये. दोन ते चार," ती म्हणाली आणि गेटाबाहेर पडली. चार पावलांवर जाऊन ती वळली. "आणि पुरे चार वाजेपर्यंत बस. तिथे मला मधेच हाक मारायला कुणी नाही."